वळणावरचा सांधा

टेबलावर मांडलेल्या रुळांवर एक खेळण्यातली गाडी धावायची, तेव्हाची ही गोष्ट. इंजिनामागे लाल डबा होता आणि त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ, निळा डबा. एका वळणावर लाल डबा सारखा घसरायचा. मालक दर वेळी त्याची चाके तपासायचा. रुळावरून बोट मात्र त्याने कधी फिरवले नाही.

"आज पडलास तर भंगारात जाशील," इंजिनाने दटावले.

वळण आले. खट्‌! लाल डबा आडवा झाला.

"दादा, तुझ्यामुळे मलाही बोलणी बसतात. जा एकदाचा!" निळा डबा चिडून म्हणाला.

मालकाने लाल डबा उचलून भंगारवाल्याला देऊन टाकला.

गाडी पुन्हा निघाली. त्याच वळणावर निळा डबा उडाला आणि टेबलाच्या कडेला लोंबकळला.

"माझा सांधा वर आलाय," रूळ हळूच म्हणाला. "तुझी चाकं चढेपर्यंत तुझा दादा आपल्या वजनाने मला दाबून धरायचा. त्यातच त्याचा तोल जायचा."

"त्याने मला सांगितलं का नाही?"

"तू घाबरशील, म्हणाला."

मग मालकाने रुळावर बोट फिरवले आणि सांधा घासून सपाट केला. आता कुणी घसरत नाही. तरी वळण आले की निळा डबा ओरडतो, "दादा, सांभाळ!"