कॅमेरा का हलला?

तीस वर्षे प्रेक्षकांना हसवणाऱ्या मंदाकिनी ओगले यांचा नव्या चित्रपटात एकच प्रसंग होता आणि संकलनाच्या वेळी दिग्दर्शक निळकंठराव नेमका तोच कापायला निघाले.

"मंदाताई, सेटवर एकही माणूस हसला नाही. विनोद फसला."

"आवाज मुद्रित होतो म्हणून हसायला बंदी तुम्हीच घातली होती."

"खरा विनोद बंदी मोडतो!"

मंदाताईंनी शांतपणे विचारले, "या प्रसंगाचे आठ रिटेक कशामुळे झाले?"

"कॅमेरा हलला म्हणून."

"तो खांद्यावर घेतलेले तुमचे कॅमेरामन इतर प्रसंगांत कधी हलले?"

"छे, कधीच नाही."

"निळकंठराव, तोंड बंद ठेवता येतं. पोटातलं हसू मात्र खांद्यापर्यंत पोहोचतंच."

निळकंठरावांनी ओठ घट्ट मिटले. पण त्यांचेही खांदे हलू लागले होते. प्रसंग राहिला.