पाठमोऱ्या पंचाचा कान

आंबेवाडीच्या कबड्डी सामन्यात शेवटची चढाई सभापती विश्वासरावांच्या पुतण्याची होती. गडी दोघांना शिवून परत आला, पण पंच मुरारी गुरवांनी शिट्टी फुंकली. वाटेत त्याचा ‘कबड्डी कबड्डी’चा दम तुटला होता. गडी बाद झाला आणि हाताशी आलेला सामना गेला.

सभापती व्यासपीठावरून तरातरा खाली उतरले. “गुरव, तू तर पाठमोरा होतास, रेषेवरचे पाय बघत! तुला दम तुटलेला दिसला कसा? निकाल फिरव, नाहीतर या तालुक्यात पुन्हा शिट्टी धरू देणार नाही!”

“फिरवतो की, साहेब. मी पलीकडच्या रेषेला शिवून येईपर्यंत तुम्ही एका दमात ‘दम तुटला नाही’ म्हणत राहा. टिकलात, तर सामना तुमचा.”

अख्खं मैदान कान टवकारून बसलं. सभापतींनी छाती फुगवून सुरुवात केली. गुरव पाठ फिरवून रमतगमत निघाले. अर्ध्या वाटेतच सभापतींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी हळूच एक चोरटा श्वास घेतला आणि पुढे रेटलं.

“तुटला!” गुरव मागे न बघताच म्हणाले.

“आं? पाठमोऱ्याला कसं कळलं तुला?” सभापतींच्या तोंडून निसटलं.

“मघाशी कळलं, तसंच.”