चौथ्या मांडणीवरचा पांढरा रुमाल

चौथ्या मांडणीवर बघा. सगळे लाल रुमाल, त्यांत एकच पांढरा. पाहुण्यांनो, त्याला हात लावू नका. कागद बांधायच्या कापडाला इथे रुमाल म्हणतात. बाकीच्यांत गावोगावचे कागद आहेत. हा रिकामा आहे.

संस्थानच्या काळी या दफ्तरखान्यात धोंडजी नावाचा दफ्तरबंद होता. कागद बांधायचे, उन्हं द्यायची, कसर झटकायची, एवढंच त्याचं काम. स्वतः अक्षरशत्रू, पण कुठल्या गावाचा रुमाल ते नुसती गाठ चाचपून सांगायचा, म्हणे.

एका पावसाळ्यात कुरणवाडीच्या रुमालाचं कापड वाळवीने खाल्लं. आत सनद होती, देवीचा डोंगर गुरं चारायला गावाला दिल्याची. धोंडजीने नवं कापड मागितलं. कारकून म्हणाला, लेखी अर्ज दे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याकडे अर्ज मागायची अक्कल आमच्या खात्यात तेव्हापासूनची आहे. शेवटी धोंडजीने डोक्याचा पांढरा फेटा मधोमध फाडला, अर्ध्यात सनद बांधली आणि पुतणीच्या लग्नाला गेला.

तो नसताना जागा मोकळी करण्याचा हुकूम आला. एकेक कागद वाचणार कोण? लाल तेवढे सरकारी, बाकीचे निकामी, असं कारकुनाने ठरवलं. मागच्या आवारात तीन दिवस जाळ होता, असं सांगतात.

पुढच्या आषाढात डोंगर शिकारीसाठी राखला गेला. हरकत असेल तर सनद दाखवा, असं सांगण्यात आलं. येसाई नावाची म्हातारी साऱ्या गावाला घेऊन इथे आली. धोंडजी हौसेने शिडी चढला आणि रिकाम्या जागेवर हात ठेवून तसाच उभा राहिला. जाळाचं कारकुनाने तेव्हा कुठे सांगितलं.

येसाई म्हणाली, "कागुद जळला, पर डोंगर तर हितंच हाय न्हवं?"

तो प्रश्न आमच्या खात्यात अजून प्रलंबित आहे.

गुरं उपाशी मेली, गाव पांगलं. धोंडजीने उरलेला अर्धा फेटा त्या जागी रिकामाच बांधला आणि जन्मभर बोडक्याने राहिला. त्याने पुढच्या दफ्तरबंदांना शपथ घातली, की कुरणवाडीच्या माणसाला बसल्या जागी 'नाही' म्हणायचं नाही. शिडी चढायची, गाठ सोडायची, बघायचं, मग सांगायचं.

आजही आषाढात तसंच करतात. तीस वर्षं मीच शिडी चढतो आहे. कुरणवाडीचं कुणीतरी अर्ज घेऊन यायचं, मी रुमाल उघडून म्हणायचो, "शोध घेतला, कागद आढळला नाही." मान हलवून ते माणूस निघून जायचं. आशा कुणालाच नसायची.

गेल्या आषाढात कुणी आलं नाही. माझ्या आईचं घराणं मूळचं कुरणवाडीचं, म्हणून अर्ज मीच लिहिला, शिडी मीच चढलो, गाठ सोडून पाहिलं. खाली उतरलो आणि नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते ऐकायला समोर कुणी नव्हतं.