पाण्याआधीचे तीन श्वास

“मग हा मेलेल्या माणसाच्या तोंडातला आहे की नाही, तेवढं सांगा.”

“होय,” कोचरेकर तांडेल म्हणाले. “यज्ञेशाचोच.”

निनाद सरंजामेला वाटलं होतं, म्हातारा निदान थोडे आढेवेढे घेईल. आढेवेढे घेणाऱ्याला पकडता येतं. सरळ ‘होय’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

तांडेलांनी तो रेग्युलेटर बाकावर ठेवला. पितळ काळवंडलेलं, नळीवर ओरखडे. शेजारी निनादनं आणलेला नवा. तो इतका चकचकीत होता की त्यात मालवणचं बंदर उलटं दिसत होतं.

रेग्युलेटर म्हणजे पाणबुड्याचा प्राण. सिलिंडरमध्ये ठासून भरलेली हवा तोंडाला पेलेल इतकी मवाळ करून देणारं यंत्र. वरती बिघडलं तर दुरुस्त करता येतं. पन्नास मीटर खाली बिघडलं तर दुरुस्त करणारा उरत नाही.

आणि निनादला पन्नास मीटरच जायचं होतं. चार दिवसांनी, हिमालयातल्या एका सरोवरात, तळाचा गाळ आणायला. पाणी बर्फाहून जेमतेम पातळ. मोहिमेच्या प्रमुख बाईंनी एकच अट घातली होती: “कोचरेकरांनी होकार दिला तर ये. नाहीतर वर काठावर बसून दोऱ्या धर.”

दोऱ्या धरायला सरंजामे जन्माला आलेला नव्हता. परदेशातून घेतलेली तीन प्रमाणपत्रं त्यानं प्लास्टिकमध्ये घालून बरोबर आणली होती. तांडेलांनी ती अजून बघितलीही नव्हती.

“याच्यात काय वाईट आहे?” त्यानं नव्या रेग्युलेटरवर बोट ठेवलं. “याच्याइतकी हवा दुसरा कुठलाच देत नाही. पन्नास मीटरवर एका श्वासाला वरच्या सहापट हवा लागते. तिथंही हा मागाल तेवढी देतो.”

“देता.”

“मग?”

“थंड पाण्यात जो जास्त देता, तो आधी गोठता.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

समोरच्या होडीवर एक कावळा उतरला, तांडेल त्याच्याकडे बघत बसले…

निनादच्या मनात पाल चुकचुकली. नौदलात तीस वर्षं पाण्याखाली काढलेला हा माणूस, सगळा किनारा त्याचं नाव अदबीनं घेतो. पण गेल्या हिवाळ्यात यानंच निवडून दिलेला रेग्युलेटर घेऊन यज्ञेश आचरेकर एका गोठलेल्या तळ्यात उतरला, आणि त्याला दोरीनं वर ओढावं लागलं. बंदरावर लोक कुजबुजत होते: तांडेल थकला, तांडेलाचा हात चुकला. म्हातारा त्यावर मूग गिळून. आणि आज तोच रेग्युलेटर माझ्या गळ्यात मारतोय! कुठेतरी पाणी मुरत होतं, यात निनादला शंका उरली नाही.

“दोन्ही तपासू या,” तो म्हणाला. “माझ्यासमोर.”

“चल.”

तांडेल त्याला बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले. मासळीसाठी जिथं बर्फाच्या लाद्या पाडतात, तिथं. मालवणात दुसरी थंडी मिळणार कुठं?

लाद्यांच्या खोलीत पाऊल टाकताच निनादच्या नाकातले केस ताठ झाले. मधोमध एक खोल टाकी होती. तांडेलांनी तिच्यात दोन लाद्या फोडून टाकल्या आणि दोन सिलिंडर काठाला उभे केले. आधी नवा रेग्युलेटर जोडला, पाण्यात बुडवला आणि पाण्याखालीच त्याचं बटण दाबून धरलं. हवा धो धो सुटली. दाबलेली हवा अशी भसकन सुटली की गार पडते. पितळावर बघता बघता बर्फाची साय धरली.

तांडेलांनी बटण सोडलं. हवा थांबेना…

त्यांनी सिलिंडरचा कॉक बंद केला. तेव्हा कुठे ती थांबली.

निनादच्या मते म्हाताऱ्यानं बटण मुद्दाम जास्त वेळ दाबलं होतं.

मग तांडेलांनी जुना जोडून त्याच्या हातात दिला. “सूट घाल, टाकीत उतर. पण ऐक. तोंड पाण्यात बुडासर ह्येच्यातसून एकव श्वास घेव नको. बटणाक हात लावू नको.”

“का?”

“मी सांगतंय म्हणान.”

आणि ते कारखान्याच्या माणसाशी बोलायला दाराबाहेर गेले.

आता खरं सांगायचं तर थंडीत तोंड पाण्याखाली जाईपर्यंत रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा नाही, हा नियम निनादला ठाऊक होता. त्यानं तो वाचला होता, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण पुस्तकाबद्दल त्याला संशय नव्हता, या माणसाबद्दल होता. श्वास घेऊ नको म्हणे! म्हणजे घेतला तर काहीतरी कळेल. नळी फुटकी असेल, पडदा कुजला असेल. लपवायला काही नसेल तर मनाई कशाला?

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, ते समजण्यासारखं आहे. याचं तोंड दुधानंही पोळलेलं नव्हतं, तरी फुंकायची घाई.

त्यानं दाराकडे पाहिलं. रेग्युलेटर तोंडात धरला. एक श्वास ओढला, सोडला. दुसरा. तिसरा.

उत्तम चालत होता! लोण्यासारखी हवा.

क्षणभर त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच क्षणी तोंडाकडची रबरी पकड बाहीनं पुसून त्यानं रेग्युलेटर सिलिंडरला लटकावून ठेवला, आणि सूट चढवू लागला.

तांडेल परत आले तेव्हा तो टाकीत छातीभर पाण्यात उभा होता. त्यानं रेग्युलेटर दातात धरला आणि पाण्याखाली गेला.

पहिलाच श्वास… आणि हवा सुटली ती सुटलीच. गाल फुगले, डोळ्यांपुढे नुसते बुडबुडे. तो धडपडत वर आला, खोकला, आणि खोकता खोकताच ओरडला, “बघा! बघा आता! यानंच यज्ञेशला मारलं! आणि हाच तुम्ही मला देत होतात!”

त्याचा आवाज लाद्यांवर आपटून परत आला. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तांडेलांनी कॉक बंद केला. खिशातून पाना काढला. तोंडाकडच्या भागाचं झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं.

आत, झडपेच्या टोकाला, पांढरा बर्फ धरला होता.

“ह्या टाकीतला पाणी न्हय,” ते म्हणाले. “टाकीतला पाणी अजून पातळ असा. ही तोंडातली वाफ.”

निनादचा चेहरा उतरला.

“किती येळा?”

“…तीनदा.”

“यज्ञेशान चारदा.”

निनाद गुडघ्याएवढा लहान झाल्यासारखा त्या पाण्यात उभा होता.

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्येच्या सोबत्यान सांगल्यान. बर्फार उभो रवान ओढून बघी होतो. माझ्यार इश्वास नव्हतो त्येचो.”

“मग तुम्ही लोकांना का नाही सांगितलंत? सगळे तुम्हालाच बोल लावतात!”

“त्येची आवस असा. तिका झिलाची चूक सांगू?” तांडेलांनी झाकण फडक्यानं पुसलं. “माझी असली तरी चलता.”

यज्ञेशच्या आईसाठी! निनादला एकदम रडू आलं. थंडीनं आलं असं म्हणायची सोय होती, पण तो तसं म्हणाला नाही. टाकीतून बाहेर आला आणि ओल्या सुटासकट त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. तांडेलांनी पाय मागे घेतले. ओल्या फरशीवरून घसरून पडायची त्यांना भीती वाटली असावी.

बाहेर उन्हात त्यांनी रेग्युलेटर कोमट पाण्यात बुडवला, कोरडा केला, आणि परत आत आणून सिलिंडरला जोडला. निनाद लहान मुलासारखा मागे मागे.

“तांडेल, आता चालेल ना हा? आतून तोच आहे. पडदाही तोच, झडपही तीच…”

तांडेलांनी रेग्युलेटर उचलून त्याच्या तोंडासमोर धरला.

“ओढून बघ.”

निनादनं ओठ घट्ट मिटले. मान हलवली, आणि टाकीतल्या पाण्याकडे बोट दाखवलं.

“आता,” तांडेल म्हणाले, “ह्यो गोठूचो नाय.”