अत्तरवाल्याची वाईन

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात निळकंठ अत्तरदे नावाचा एक अत्तरवाला राहत होता. नाक असं तीक्ष्ण की डोळे मिटून वास घ्यावा आणि खस कुठल्या मातीतली ते सांगावं. पण स्वभावाने भारी भित्रा. गिऱ्हाईक आलं की माल परत करायला तर आलं नाही ना, म्हणून त्याच्या पोटात गोळा यायचा. गिऱ्हाईक नाही आलं की वेगळा गोळा यायचा.

पुढे अत्तर घेणारे कमी होत गेले. गावात द्राक्षांचे मळे मात्र वाढले. भागूबाई मोगल नावाच्या एका शेतकरणीने आपल्याच द्राक्षांची वाईन करायला घेतली. निळकंठशेठने ती एकदा हुंगली, दोन घोट घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा धाडस केलं. दुकान धाकट्या भावाला देऊन टाकलं आणि लोकांना बसून वाईन चाखता येईल अशी जागा उघडायचं ठरवलं.

"नाक तेच, बाटली तेवढी वेगळी," तो बायकोला म्हणाला. बायकोने हिशेबाची वही पुढे सरकवली, त्यामुळे तो आणखी घाबरला.

गावात तहाचं घर म्हणून एक जुनी दगडी वास्तू होती. कधीकाळी दोन सरदारांनी तिथे बसून आपसातली लढाई मिटवली होती, म्हणून गावाला त्या घराचा मोठा अभिमान. हातभर जाड भिंती, ऐन उन्हाळ्यातही आत गारवा. पंचांनी ते घर शेठला एक वर्षासाठी दिलं. पंचांचे प्रमुख रावसाहेब निकम किल्ली हातात ठेवताना म्हणाले, "शेठ, या घराच्या नावाला बट्टा लागला, तर वर्षाअखेर किल्ली परत."

झालं! किल्ली कंबरेला आणि धास्ती छातीत, असं शेठचं नवं आयुष्य सुरू झालं. परतायला दुकान उरलं नव्हतं.

त्याने घर झाडून लख्ख केलं. खाली तळघरात भागूबाईच्या बाटल्या आडव्या रचल्या. दुकानातलं जुनं शिसवी कपाट हौसेने आणलं. पंचवीस वर्षं त्यात अत्तराच्या कुप्या होत्या. ते धुऊन-पुसून त्यात काचेचे पेले ओळीने पालथे मांडले. पाहुणे येऊ लागले. शेठ दोन बोटं वाईन ओतायचा, पेला हलवायचा आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत जीव मुठीत धरून उभा राहायचा.

एक पाहुणा म्हणाला, "वास जरा जड आहे." दुसऱ्याने नाक मुरडलं. तिसरा हसत म्हणाला, "अहो, देवघरात बसून प्यायल्यासारखं वाटतंय." शेठने स्वतः पेला नाकाशी धरला. त्याला कसलाच वेगळा वास येईना. येणार कसा? ज्या वासात पंचवीस वर्षं काढली, तो त्याच्या नाकाला वास वाटतच नव्हता.

ही कुरकुर रावसाहेबांच्या कानी गेली. ते स्वतः आले, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"दोष कशाचा, शेठ? घराचा की मालाचा?"

शेठने कंबरेची किल्ली चाचपली. घराचा म्हणावं तर किल्ली जाणार. त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायचं धैर्यही नव्हतं.

"मालाचा," तो म्हणाला. "बाईंच्या पिंपातच बिघाड असावा."

एवढ्या मोठ्या नाकवाल्याचा शब्द! तो आठ दिवसांत शहरापर्यंत पोचला. भागूबाईकडून माल उचलणाऱ्यांनी पाठ फिरवली.

पुढे शेठ बहिणीच्या गावी लग्नाला गेला. मुक्काम पंधरा दिवस लांबला. परत आल्यावर त्याने तहाच्या घराचं दार उघडलं, कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. पंधरा दिवसांत नाकाची त्या वासाची सवय मोडली होती. खस, हिना, केवडा! सगळं दुकान त्या लाकडात मुरून बसलं होतं आणि पालथ्या पेल्यांत साठलं होतं. त्याने हातात आला तो चहाचा कप धुतला, त्यात भागूबाईची वाईन ओतली आणि हुंगली. पिकल्या जांभळासारखा स्वच्छ, गोड वास. बाईंच्या पिंपात काहीच बिघाड नव्हता.

वर्ष संपत आलं होतं आणि किल्लीचा निर्णय करणारी पंचांची बैठक आठ दिवसांवर आली होती. आता खरं सांगितलं तर आधीचं खोटं उघडं पडणार, आणि त्याबरोबर किल्लीही जाणार. बैठक झाली की सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. कपाट गुपचूप भावाकडे धाडलं. पेले गरम पाण्याने तीनतीनदा धुऊन उघड्या फळीवर मांडले.

दुसऱ्याच दिवशी भागूबाई दारात उभी राहिली. चेहरा ओढलेला.

"शेठ, खरं काय ते सांगा. मी चार डाव चाखली, मला काही दोष गावला नाही. पण तुमचं नाक मोठं. माझ्या वेलातच खोट आहे का?"

शेठने ओठ उघडले. बाई वाट बघत होती. त्याला रावसाहेब दिसले, बायको दिसली, बंद झालेलं दार दिसलं.

"बैठकीनंतर बोलू, बाई," तो पायांकडे बघत म्हणाला.

बाई मान हलवून निघून गेली.

बैठकीच्या दिवशी पंचांनी तीच वाईन चाखली. रावसाहेब खूश झाले. "वा! ही कुणाकडची?" शेठची जीभ पुन्हा घसरली. "नवीन आहे," तो म्हणाला. घर दहा वर्षांसाठी त्याच्या नावावर झालं.

रात्रभर तळमळून शेठ सकाळीच भागूबाईच्या मळ्याकडे निघाला. आज सगळं सांगून टाकायचं, असं घोकत घोकत तो बांधावर पोचला आणि तिथेच थांबला. मळ्यात चार गडी कुऱ्हाडी चालवत होते. तारा गुंडाळून ठेवल्या होत्या. बारा वर्षांचे वेल मुळांसकट आडवे पडले होते.

"बाई, हे काय केलंत?"

"कांदा लावणार," भागूबाई म्हणाली. "तुम्ही त्या दिशी काही बोलला नाही, तवाच मी समजले. माझं मन दुखू नये म्हणून गप बसलात. तुमच्यासारखा भला माणूस उगा कशाला गप बसंल?"

शेठला रडू फुटलं. "वेलात खोट नव्हती हो! वास माझ्या कपाटाचा होता. आणि मला ते माहीत होतं."

कुऱ्हाडी थांबल्या. भागूबाईने आडव्या पडलेल्या ओळींवरून नजर फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, "मग का नाही बोलला?"

"भ्यालो होतो," शेठ म्हणाला.

तात्पर्य: चूक कबूल करायची भीती वाटते तेव्हा आपण स्वतःसाठी मुदत मागून घेतो, पण त्या मुदतीत उद्ध्वस्त दुसराच कोणी होतो, म्हणून खरं बोलायचं असेल तर ते विचारलं जाईल त्याच क्षणी बोलावं.