तरसाचे भाऊबंद

“गिधाड आणि तरस एका ढिगात कसे, बाबा?” प्राध्यापक विद्याधर पाठराब्यांनी विचारलं.

संशोधनासाठी ते नागपूरहून थेट भामरागडच्या रानात आले होते. दुलसा हा तिथला पेरमा, म्हणजे गावचा म्हातारा पुजारी. त्याच्या अंगणात पाठराब्यांनी प्राण्यांची चित्रं पसरली होती आणि एवढंच सांगितलं होतं, की जे एकमेकांचे ते एकत्र ठेवा.

“एका पंगतीला बसतात,” दुलसा म्हणाला. “भाऊच ते.”

“पण एकाला पंख आहेत, एकाला नाहीत.”

“पंख उडायला. जेवताना कुठं लागतात…”

पाठराब्यांनी हसू दाबलं. वीस वर्षं ते कॉलेजात प्राण्यांचं वर्गीकरणच शिकवत होते.

“बरं, हे साप आणि उंदीर?”

“उंदीर घर बांधतो, साप येऊन राहतो.” म्हाताऱ्यानं सापाचं चित्र उंदराच्या चित्रावर ठेवलं. “मग सासऱ्यालाच खातो. घरजावई.”

आता मात्र पाठराब्यांना राहवेना. त्यांनी सगळे ढीग मोडले. वाघ, बिबट्या, रानमांजर अशी चित्रं एका ओळीत लावली.

“असं बघा. हे एका कुळातले. रक्त एक, म्हणून नातं.”

दुलसानं बिबट्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

“बिबट्याला विचारलंस? वाघ दिसला की तो झाडावर पळतो.”

“पळू दे. त्यानं नातं बदलत नाही.”

“तुला भाऊ आहे?”

“आहे. धाकटा. नागपुरातच असतो.”

“एकत्र जेवता?”

“…सहा वर्षं बोलणं नाही आमचं.”

दुलसा गावात साऱ्यांनाच अरे-तुरे करी. आता मात्र त्याचा आवाज मऊ झाला.

“मग जेवतोस कुणाबरोबर?”

“एकटाच.” पाठराब्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे… एक मांजर येतं दारात. त्याला दूधभात घालतो.”

“रोज?”

“रोज.”

“नाही आलं तर?”

पाठराब्यांनी चष्मा परत चढवला. मागच्या आठवड्यात मांजराला उशीर झाला, तेव्हा वरण निवून गेलं तरी पाठराबे पानावर बसले नव्हते.

“थांबतो थोडा…”

दुलसानं त्यांच्या मांडीवरच्या वहीकडे बोट केलं.

“आडनाव काय म्हणालास तुझं?”

“पाठराबे.”

“मांजराचंही तेच लिही.”