दिवाळखोर कोणाला म्हणावे

आटपाट रान होतं. तिथं सिंहाचं राज्य होतं. सिंह रीतसर निवडून आला होता. उमेदवार एकच असल्यामुळे मोजणी लवकर आटोपली होती.

त्या रानात सगुणा नावाची खार राहायची. तिच्या मालकीचं एक मोहाचं झाड होतं. हिवाळ्यात पिल्लं उपाशी मरू नयेत म्हणून तिनं सरकारी कोठारातून वीस पायली दाणे कर्जाऊ घेतले. फेडायचे माघी पौर्णिमेला.

पौर्णिमा आली, पण मोहाला फुलं यायला अवकाश होता. सगुणाला न्यायाधीश तरसांसमोर उभं केलं.

"साहेब, झाड शंभर पायल्यांचं आहे. चैत्रात फुलं पडली की दाणा न् दाणा फेडते."

"दाणे आज आहेत का?"

"आज नाहीत."

"कायदा स्पष्ट आहे," तरस म्हणाले. "ठरल्या दिवशी ज्याला देता येत नाही, तो दिवाळखोर."

झाड जप्त झालं. पिल्लांना घेऊन सगुणा एका वठलेल्या बाभळीवर गेली. लिलावात झाड हत्ती दंतोजीरावांनी पंधरा पायल्यांना घेतलं. त्या पंधरा पायल्याही त्यांनी कोठारातूनच उचलल्या.

पुढच्या पौर्णिमेला दंतोजीरावांच्या दहा हजार पायल्यांच्या जुन्या कर्जाची मुदत भरली. ते सोंड हलवत रिकामे आले. सगुणा मुद्दाम कोर्टात जाऊन बसली.

"मुदतीचं काय एवढं?" तरस म्हणाले. "देणं मालमत्तेपेक्षा जास्त असेल, तरच दिवाळखोर. रावसाहेब, आपली मालमत्ता?"

"एक मोहाचं झाड. शिवाय माझी प्रतिष्ठा."

"प्रतिष्ठेचे किती धरू?"

"धरा बारा हजार."

तरसांनी धरले. वर नवं कर्जही मंजूर केलं.

सगुणा उठली. "साहेब, मग माझीही मालमत्ता मोजा की!"

"तुझ्याकडे आता मोजायला आहे काय? झाड तर गेलं, पाच पायल्या देणं मात्र उरलं. म्हणजे तू दोन्ही कसोट्यांवर दिवाळखोर. इतका निर्विवाद खटला क्वचितच मिळतो."

पावसाळ्याच्या तोंडावर मुंग्या आपल्या ठेवीचे दाणे मागायला कोठारावर गेल्या. सगुणाही गेली. आत फक्त एक केरसुणी होती.

सिंह शिळेवर चढला. "बंधुभगिनींनो! कोठार रिकामं नाही. आम्ही त्यात भविष्यासाठी जागा केली आहे!"

टाळ्या झाल्या.

"आणि राज्य दिवाळखोर ठरूच शकत नाही, कारण ते ठरवणारे आम्हीच. तेव्हा रानासाठी मुंग्यांनी थोडं कमी खावं."

"आणि दंतोजीराव?" सगुणानं गर्दीतून विचारलं.

"त्यांची काळजी नसावी," सिंह हळवा होऊन म्हणाला. "ते नदीपलीकडच्या रानात सुखरूप पोचले आहेत."